ब्रेन्नरसाहेबांच्या खोलीतली ओल

अल खर्ज (सौदी), ९ जानेवारी २०२५

ती. अब्बांस मासूमाचा सलाम. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, तरी ‘हां, हां’ म्हणता. म्हणून सुट्टीवर निघालेल्या रईसाखालांकडे हे पत्र आणि खजूर देते. शुगर आठवून खा.

हॉस्पिटलात मी नर्स असलेल्या वॉर्डात ब्रेन्नर नावाचे जर्मन गृहस्थ आहेत. जर्मनीत आधी जिल्हा कचेरीत अधिकारी, मग जिल्ह्याचे प्रमुख, प्रांताचे आमदार, शेवटी पाटबंधारे खात्याचे सचिव; तिकडे आमदारही सचिव होतो. निवृत्तीनंतर इथल्या डेअरीला पाण्याबद्दल सल्ला द्यायला आले आणि राहिले. तरुणपणी त्यांनी धरणासाठी एका गावाची संमती मिळवली. कबरी आधी हलवू, असा शब्द दिला. मग त्यांची बढतीवर बदली झाली आणि पाणी कबरींवर चढलं. आता माझ्या खोलीत ओल्या कपड्यांनी माणसं उभी असतात, असं ते म्हणतात.

काल आत शिरताना मलाही भीती वाटली. कबरस्तानावरून जाताना आपण मुर्द्यांना सलाम करतो ना, तोच आपसूक तोंडातून निघाला. साहेब शांत झोपले. पण अब्बा, फरशी ओली होती. एसीचं पाणी असेल.

आपल्या वहाळावरच्या धरणाला तुम्ही सरपंच म्हणून संमती देणार का? अम्मीची कबर त्याच काठावर आहे.

दुवेत ठेवा.
मासूमा

करंजवाडी, २४ जानेवारी

चि. मासूमास अनेक दुवा.

खजूर संपले, शुगर आहे तशीच. मे महिन्यात इथल्या बायका टँकरमागे धावतात, ते विसरलीस वाटतं. धरणाचा साहेब भला माणूस आहे. कबरी आधी हलवू म्हणतो. तरी मन धजत नाही. तुझ्या जर्मनालाच विचार, मी काय करू.

वेळेवर जेवत जा.
अब्बा

अल खर्ज, ११ फेब्रुवारी

ती. अब्बांस सलाम. वि. वि.

विचारलं. मग म्हणाले, “मीसुद्धा भला माणूस होतो. आधी कबरी हलवायला सांग, मग सही.”

परवा ते वारले. त्या खोलीत आता एक केरळी ड्रायव्हर आहे. दाराशी भिजलेला गोरा म्हातारा कोण उभा असतो, असं त्याने मला विचारलं. मी दाराकडे बघून सलाम केला.

अब्बा, एवढं माझं ऐका.
मासूमा

करंजवाडी, १९ मे

चि. मासूमास दुवा.

तुझं पत्र धरणाच्या साहेबाला वाचून दाखवलं. त्याने माझा हात हातात घेऊन शब्द दिला. बाहेर बायका रिकाम्या कळश्या घेऊन बसल्या होत्या. मी सही केली.

साहेबाची बढतीवर बदली झाली. नवा साहेब म्हणतो, कबरींचं त्याला कुणी काही सांगितलेलं नाही. पावसाळ्यात पाणी अडवणार आहेत.

काल कबरस्तानावरून गेलो, सलामासाठी तोंड उघडेना. घरी आलो. घरात घोटभर पाणी नाही, आणि तुझ्या अम्मीच्या खाटेखालची जमीन ओली होती.

माझ्याच्याने होत नाही, पोरी. तिथून तूच तिला सलाम कर.
अब्बा