ओक्सचा साठावा सामना

४ मार्च
पगार झाले. पंधरा उंच माणसं खूश, एक बुटकी बाई कंगाल!

डेनिस सकाळीच आली. आधी गॅरेजच्या दारांच्या कारखान्याचा हिशेब — नफा. मग बास्केटबॉलचा — तोटा. कारखाना तिचा आणि ती चालवते, टीम माझी आणि मी चालवते, त्यामुळे कुणाच्या बोलण्यात जोर असतो ते सांगायला नको. ‘आई, अठरा कोटी डॉलरच्या वर नुसते पगार, आणि आपण अकराव्या नंबरावर!’ मी म्हटलं, मागच्या वर्षी बाराव्यावर होतो. हसली नाही.

तिचं म्हणणं सरळ आहे. लीगने पगारांना एक रेषा घालून दिलीय. रेषेच्या आत राहिलो, तर बाहेर गेलेल्यांच्या करातला वाटा आपल्याला मिळतो — सव्वा कोटी. एका डॉलरने जरी बाहेर गेलो, तर वाटा जातो आणि वर आपणच कर भरायचा. यंदा तो वाटा आला नाही, तर कर्ज दिलेली बँक थांबणार नाही. मग टीम त्या लास वेगासवाल्याला विकायची. तो ती उचलून घेऊन जाणार. पिट्सबर्गला टीमच राहणार नाही.

कागदावर मी अब्जाधीश आहे म्हणे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

७ मार्च
ओक्सचा, आमच्या जुन्या खेळाडूचा, गुडघा बरा आहे! छत्तीस वर्षांचा घोडा, दोन ऑपरेशनं झालेली, आणि आज पोरांच्या पुढे पळत होता.

आनंद व्हायला हवा. झाला नाही, कारण करार माझाच. उन्हाळ्यात तो पगार वाढवून मागत होता. डॉक्टर मला कानात म्हणाले होते, हा चाळीस सामनेही खेळायचा नाही. मग मी ऐटीत लिहून दिलं — साठ खेळलास तर पाच लाखांचा बोनस! फुकटात मोठं मन. आता आपण रेषेच्या आत आहोत ते फक्त तीन लाखांनी. त्याने साठ गाठले की आपण बाहेर. हात दाखवून अवलक्षण!

१४ मार्च
शुक्रवार. ईस्टरआधीचे उपासाचे दिवस, मटण वर्ज्य, म्हणून चर्चमध्ये तळलेले मासे. रांगेत माझ्यामागे बर्निस झेलेंका, माझ्याच वर्गातली. ‘लॉरेन, त्या ओक्सला जास्त खेळव गं. एक तोच घाम गाळतो. तो तुझा कोट्यधीश हिरो तर नुसता केस सावरतो.’ मी म्हटलं, केसही महाग आहेत त्याचे. पिरोगी, त्या बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, जास्तीच घेतल्या. दुःखात भूक लागते मला.

२२ मार्च
जिंकलो. ओक्स झकास खेळला. वाईट!

१ एप्रिल
बेलमी — आमचा मॅनेजर, आवाज न करता चालणारा माणूस — येऊन बसला. ओक्सचे एकोणसाठ होणार, मग शेवटचा सामना राहील. ‘गुडघा दुखतोय म्हणून बसवू. सगळेच करतात.’ त्या सामन्यात तसंही काही उरलेलं नाही, आपण स्पर्धेबाहेरच आहोत.

हो म्हटलं. पण ओक्सला मीच सांगणार. तोंड लपवून टीम चालवायची नाही, असं जीन म्हणायचा. नवऱ्याच्या एवढ्या गोष्टींतून हीच नेमकी आठवायची होती!

१० एप्रिल
सांगितलं.

तो आधी मोठ्याने हसला. ‘मिसेस एच, आयुष्यात पहिल्यांदा गुडघा दुखत नाहीये, आणि तुम्ही म्हणता दुखतोय?’

मग सगळं खरं सांगितलं. रेषा, वाटा, वेगास. त्याने नीट ऐकून घेतलं. म्हणाला, ‘मग बोनस नको मला. लिहून देतो.’ मी म्हटलं, तसं चालत नाही, खेळाडूंची युनियन बोनस सोडू देत नाही.

‘मला पैशाचं नाही हो. डॉक्टर म्हणाले होते, संपलास. मला फक्त साठ मोजायचे होते.’ उठला, माझी खुर्चीही सरकवून ठेवली. ‘टीम गावात राहायला पाहिजे. बसतो मी.’

ओरडला असता तर बरं झालं असतं. घरी येऊन रडले. लाज वाटली स्वतःची, दुसरं काही नाही.

१३ एप्रिल
शेवटचा सामना. ओक्स बाकावर, गुडघ्याला खोटी पट्टी. शेवटची काही मिनिटं, आणि वरच्या स्वस्त रांगांतून सुरू झालं — ओक्स! ओक्स! मग खालच्या रांगा. मग अख्खा हॉल उभा. तो मान खाली घालून टॉवेल घड्या करत बसलेला. मी शेजारी बसलेल्या डेनिसकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर जमलं नसतं. बेलमीला फोन लावला. ‘घाल त्याला.’ ‘लॉरेन, सव्वा कोटी —’ ‘घाल म्हणते ना!’

पट्टी भिरकावून धावला! एक मिनिटही मिळालं नाही. एकच शॉट मारला, तोही चुकला. काय गजर झाला! माझ्या अगदी कानाशी कुणीतरी सणसणीत शिट्टी मारली. वळून बघेपर्यंत डेनिस निघून गेली होती.

चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. पण काय चव होती!

१४ एप्रिल
डेनिस फोन उचलत नाही. लास वेगासवाल्याने फुलं पाठवली. गिधाड! फुलं मात्र छान आहेत, टेबलावर ठेवली.

१७ एप्रिल
बँक झाली, वकील झाले. सोमवारी विक्रीच्या कागदांवर सही. बर्निसला सांगायचं धाडस झालं नाही, उद्या मासे खायला जाणारच नाही. ओक्सला खेळवल्याचा पश्चात्ताप नाही. टीम जाणार याचं मात्र फार वाईट वाटतंय.

२१ एप्रिल
सही झाली. माझी नव्हे, डेनिसची — आणि टीमवर नाही, कारखान्यावर! आठवडाभर फोन उचलत नव्हती, ती कारखान्याला गिऱ्हाईक शोधत होती. त्या पैशात बँकेचं कर्ज फिटणार, टीम गावातच राहणार. ती म्हणाली, ‘वीस वर्षं दारं विकली, आई. एकदाही कुणी उभं राहून टाळ्या वाजवल्या नाहीत.’ टीम आता दोघींनी चालवायची. अट एकच — खेळाडूंशी करार यापुढे मी करायचा नाही. मान्य केली. तिची गाडी कोपऱ्यावर वळली आणि मी ओक्सला फोन लावला — पुढच्या वर्षीचं विचारायला.