ठकीची गोधडी आणि तुझी निलगिरी

प्रिय आई,

तुझी निलगिरीची बाटली आज मी घराबाहेर काढली. दुसऱ्या कुणाकडून ही बातमी वर पोचायच्या आत मीच कळवते, म्हणून हे पत्र.

रागावू नकोस गं! सर्दीला निलगिरी, गुडघ्याला निलगिरी, लादी पुसायच्या पाण्यात निलगिरी. जिन्यात वास आला की शेजारी म्हणायचे, आल्या!

तू गेल्यावर तो वास विरत चालला आणि बाबा कासावीस झाले. मग रोज संध्याकाळी दिवा लावला की ते तुझ्या गोधडीवर निलगिरीचे थेंब शिंपडायचे. "तिचो वास गेलो तर घरात तिचा काय रवतला?" म्हणायचे.

त्याच गोधडीवर तुझी लाडकी मांजर, ठकी, झोपायची. मागच्या आठवड्यात तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली, चालताना झोकांड्या जायला लागल्या. बाबा सारखे म्हणायला लागले, "ती गेली, आता हीय?"

मांजरांच्या डॉक्टरबाईंनी तिचं अंग हुंगलं आणि विचारलं, "घरात तेल कुठलं वापरता?" मांजर दिवसभर अंग चाटतं ना, केसांना लागलेलं सगळं पोटात जातं आणि त्याच्या लिव्हरला ते झेपत नाही. निलगिरीच काय, पुदिना, लिंबू, टी-ट्री, असली अर्काची तेलं नकोतच. डिफ्यूझरमधूनसुद्धा नकोत.

"आयुर्वेदिक आहे हो," बाबा म्हणाले.

"मांजराला ते वाचता येत नाही, काका."

सलाइन लागलं, पण ठकी वाचली, आई! घरी आल्या आल्या फ्रीजसमोर ठाण मांडून बसली.

तेव्हा मला आठवलं. तू बाटली उघडलीस की ती पलंगाखाली पळायची. हात धुतल्याशिवाय तुझ्या मांडीवर यायची नाही. तू म्हणायचीस, "नाटकी मेली!" नाटक नव्हतं गं, ती सांगत होती. मग इतके दिवस तो वास सोसून ती गोधडीवर का झोपली? तुझी मांडी दुसरीकडे कुठे मिळणार होती तिला! हे कळलं आणि मी खूप रडले.

बाबांनी स्वतः गोधडी धुतली, गॅलरीत कडक उन्हात वाळवली. वास पार गेला. आज त्यांनी ती घाबरत घाबरत मांडीवर पसरली. ठकी आली, हुंगलं, पंजांनी कणकेसारखं मळलं आणि गोल होऊन झोपली.

"वळाखल्यान गो हिना!" बाबा ओरडले आणि हसले. तू गेल्यापासून पहिल्यांदा. मांजराला मांडीवर न घेणारा तुझा नवरा आता चहालासुद्धा उठत नाही, मलाच हाका मारतो.

बाटली खालच्या काकूंना दिली. त्यांच्याकडे मांजर नाही, गुडघे आहेत.

वचन देते, असलं तेल या घरात पुन्हा येणार नाही. तुझी फारच आठवण आली तर काकूंकडे जाऊन बाटली हुंगून येईन. आणि घरात शिरले की आधी हात धुवीन, तू धुवायचीस तसे.

तुझीच,
सुमी