तीसपैकी चोवीस

डुलूथ, मिनेसोटा
१८ फेब्रुवारी २०१३

चि. एडीस लोरेटाताईचे अ. आ.

तुझं पत्र पोचलं. गुडघ्याचं वाचलं. डॉक्टरचं एकदा तरी ऐकलंस तर आभाळ कोसळणार नाही. तुझा मेहुणा हॅराल्ड मजेत आहे. गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून दिवसभर बसतो आणि माशांऐवजी सर्दी घेऊन घरी येतो.

आता खरं कारण लिहिते. कॅझदादा ख्रिसमसला आठ दिवस आमच्याकडे होता, हे तुला ठाऊक आहेच. हेलनवहिनीला जाऊन सहा वर्षं झाली. तरी त्याने मला तीनदा विचारलं, की ती चर्चमधून अजून कशी आली नाही. चौथ्या दिवशी मी आंघोळीला गेले तर साबणाच्या शेजारी त्याचं पिस्तूल. भरलेलं. त्याला दाखवलं तर म्हणाला, हे माझं नाहीच.

तुम्हा निवृत्त पोलिसांसाठी कायदा आहे, मला माहीत आहे. देशात कुठल्याही राज्यात कमरेला पिस्तूल लावून फिरा, वर्षातून एकदा नेमबाजीची परीक्षा दिली की झालं. डोळे तपासले जातात, हात तपासला जातो, डोक्याचं कुणी विचारत नाही. पण दादाची परीक्षा तू घेतोस, आणि पास झाल्याच्या कार्डावर सहीही तुझीच असते. एडी, या एप्रिलला त्याला नापास कर. त्याच्या हातून काही होण्याआधी कर. मोठी बहीण म्हणून हुकूम सोडत नाही, विनवते आहे.

हॅराल्डचा नमस्कार. तुझ्या मनात माझी जागा आहे तशीच राहू दे.

तुझी,
लोरेटाताई


हार्लन क्रीक, ओहायो
२२ एप्रिल २०१३

ताईस एडीचा सा. न. वि. वि.

परीक्षा शनिवारी झाली. चौदा म्हातारे आले. कुणाची कंबर धरलेली, कुणाच्या कानात यंत्र, आणि सगळ्यांच्या तोंडी तेच तीस वर्षांपूर्वीचे विनोद. दादा इस्त्रीचा शर्ट घालून, बूट चमकवून, अर्धा तास आधी हजर. सगळे उठून उभे राहिले. त्यातल्या निम्म्यांना पिस्तूल धरायला त्यानेच शिकवलं होतं. मलाही त्यानेच.

तीस गोळ्या झाडायच्या, चोवीस बसल्या की पास. दादाच्या चोवीस बसल्या. आता मी काय करणार, सांग. नियम तो नियम.

तू लिहितेस ते मला दिसत नाही असं नाही. पण वहिनी गेली. गाडी त्याने आपणहून विकली. एकेचाळीस वर्षं जे कमरेला होतं तेही काढून घेतलं तर सकाळी उठून तो बूट तरी कशाला घालील? मला ते धैर्य झालं नसतं, हे कबूल करतो. बरं झालं, वेळ आली नाही.

नंतर आम्ही दोघांनी नेहमीच्या जागी चेरीची पेस्ट्री खाल्ली. आपण नक्की पास झालो ना, असं त्याने दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा हो म्हणालो.

सप्टेंबरात मी त्याला गाडीने तुझ्याकडे आणून सोडीन. महिनाभर ठेवून घे. रागावू नकोस, आणि रागावलीस तरी पत्र लिहायचं थांबवू नकोस.

तुझा,
एडी


डुलूथ
९ मे २०१३

चि. एडीस अ. आ.

बरोब्बर चोवीस. तेवीस नाही की पंचवीस नाही. शाळेत गणितात तू असाच काठावर पास व्हायचास, आणि गुरुजींची सही कुणी केली असेल असा बाबांना नेहमी संशय यायचा. असो. तू सांगतोस म्हणून विश्वास ठेवते.

दादाला खुशाल आण. अट एकच. माझ्या घरात पिस्तूल हॅराल्डच्या कपाटात राहील आणि किल्ली हॅराल्डकडे. येताना तिथल्या खाटकाकडचं किलबासा सॉसेज आण. इकडचं खाल्लं की वाटतं, डुकराला कधी लसूण भेटलीच नाही. गुडघा जप आणि बहिणीवरचा लोभ जप.

तुझी,
लोरेटाताई


डुलूथ
२९ सप्टेंबर २०१३

एडी,

फोनवर मी तुला निम्मंच सांगितलं. आता लिहिते.

बारा तारखेला, गुरुवारी दुपारी मी चर्चमध्ये बटाट्याच्या पिरोगी करायला गेले होते. दादाला कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं होतं. त्याने हॅराल्डकडे आपलं पिस्तूल मागितलं. हॅराल्डने आधी टाळलं. तेव्हा दादाने खिशातून ते कार्ड काढून त्याच्यापुढे धरलं, तुझ्या सहीचं. खूप अदबीने म्हणाला, की हा माझा कायदेशीर हक्क आहे. हॅराल्ड भिडस्त माणूस. त्याने कपाट उघडून दिलं आणि मागच्या अंगणात मासे साफ करायला गेला.

अर्ध्या तासाने तो ताट घेऊन मागच्या दाराने स्वयंपाकघरात आला. दादा दुकानात गेलाच नव्हता, टेबलाशी बसला होता. घरात कोण परका शिरला म्हणून ओरडला, आपण पोलीस आहोत असंही सांगितलं, आणि गोळी झाडली. हॅराल्डच्या उजव्या मनगटातून आरपार गेली.

पुढचं मला हॅराल्डने सांगितलं. दादाने पिस्तूल खाली ठेवलं, आपला पट्टा काढून त्याचा दंड आवळला, हात वर धरला, रुग्णवाहिका बोलावली. सगळं अगदी नीट केलं. डॉक्टर म्हणाले, त्याच पट्ट्याने जीव वाचला. आणि मदत येईपर्यंत तो हॅराल्डला धीर देत विचारत होता, की तुला गोळी घातली कुणी, चेहरा पाहिलास का.

तीन बोटं पुन्हा हलणार नाहीत. हॅराल्ड तक्रार करणार नाही म्हणतो. सरकारी वकिलाने दादाला तुझ्या तिकडच्या वृद्धाश्रमात ठेवण्याच्या अटीवर खटला भरला नाही. पिस्तूल तुझ्याकडे पाठवतील.

मला एकच सांग. त्या चोवीसपैकी दादाच्या किती होत्या? खोटं लिहिणार असशील तर लिहू नकोस.

लोरेटा


हार्लन क्रीक
६ ऑक्टोबर २०१३

ताईस सा. न.

सतरा.

परीक्षेत त्याच्या शेजारच्या जागी मीच नेम धरून उभा होतो. आम्हा म्हाताऱ्यांत ही पद्धत फार दिवसांची आहे. कुणाचा हात कापायला लागला, कुणाला मोतीबिंदू झाला, की शेजारचा आपल्या दोन-तीन गोळ्या त्याच्या निशाणाच्या कागदावर टाकतो. मोजणारा भोकं मोजतो, कुणाची ते विचारत नाही. आम्ही याला दोस्ती म्हणत आलो. दोन-तीनच्या वर कुणी दिल्या नव्हत्या. मी सात दिल्या, आणि मोजणाराही मीच होतो.

तुझं फेब्रुवारीचं पत्र तेव्हा माझ्या कोटाच्या खिशात होतं. त्याला नाही म्हणायची मला लाज वाटली. त्याने मला शिकवलं आणि मी त्याला नापास करायचं, हे जमेना. त्याच्यावर दया केली असं मनाला सांगत होतो. खरं म्हणजे ते अवघड वाक्य तोंडाने उच्चारायचं मी टाळलं, आणि त्याची किंमत हॅराल्डच्या हाताने दिली.

मी नेमबाजीच्या मैदानाचं काम सोडलं. वरिष्ठांना सगळं लिहून दिलं आहे, सातच्या सात गोळ्यांसकट. हॅराल्डला पत्र लिहायला चारदा बसलो. तू माफ करावंस असं लिहिण्याचं तोंड नाही. दर रविवारी दादाकडे जातो. तो अजून मला ओळखतो.

एडी


सेंट हेडविग वृद्धाश्रम
१० नोव्हेंबर २०१३

चि. एडमंडास कॅझिमिरचे अ. आ.

आज डोकं जरा मोकळं आहे, तेवढ्यात लिहून घेतो. इथे जेवण बरं आहे. सूप पातळ असतं, आणि समोरचा म्हातारा पत्त्यांत फसवतो. लोरेटाचं पत्र येत नाही. तुला येतं का?

माझं पिस्तूल तुझ्याकडे आहे असं इथली नर्स म्हणते. छान झालं. तुझ्याकडेच राहू दे. खरं सांगू का? मला ते एप्रिलातच तुझ्या हातात द्यायचं होतं. वस्तू कुठे ठेवतो ते आठवत नाही, हेलन स्वयंपाकघरात आहे असं वाटून हाका मारतो. पिस्तूल कमरेला असलं की माझीच मला भीती वाटायची. पण आपल्या हाताने सोडवेना. म्हणून ठरवलं, की एडीपुढे परीक्षा द्यायची. एडी नियमाचा पक्का, मीच घडवलाय. तो नाही म्हणेल, मग मी निमूट काढून देईन, आणि चारचौघांत लाजही वाटणार नाही. इस्त्रीचा शर्ट त्याचसाठी घातला होता.

पण तू पास म्हणालास. आपला नेम चुकत होता असं मला वाटत होतं, पण तू दोनदा हो म्हणालास. मग मी म्हटलं, माझं आता काही खरं नाही, पण एडी मला खोटं सांगायचा नाही. म्हणजे मी अजून ठीक असेन. त्या जोरावर मी ते परत कमरेला लावलं.

आता आहे तिथे आहे. तू रविवारी येतोस, बरं वाटतं. येताना चेहरा एवढा पाडून येत जाऊ नकोस.

आणखी एक. बिचाऱ्या हॅराल्डला कुणीतरी गोळी घातली ना? मी सगळ्यांना विचारतो, पण इथे मला कुणी सांगत नाही. तू पोलिसातला आहेस. तो माणूस सापडला का, ते कळव.

तुझा,
कॅझदादा