आधी मला बघू दे

मॅडम,

आज रविवार, ओपीडी बंद आहे. तरी मी येऊन बसले आहे, तुमच्याच खोलीत, जिला आता सगळे माझी खोली म्हणतात. टेबलावर फोन आहे. मुंबईहून एका मुलीचा रिपोर्ट यायचा आहे. रविवारी रिपोर्ट येत नाही हे मला माहीत आहे, पण फोनकडे पाठ करून बसता येत नाही. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. तुम्ही असतात तर मी केळव्याला आले असते, मागच्या दारानं, आणि तुम्ही वर न बघता विचारलं असतं, ‘काय बिघडवून आलीस?’ असं आता कुणी विचारत नाही.

तुमचं स्वयंपाकघर मला ऑपरेशन थिएटरपेक्षा जास्त आठवतं. खाटकाकडून तुम्ही बकऱ्याचे डोळे आणायचात, बर्फ घातलेल्या थर्मासमधून. बाहेर सुपारीची झाडं, आत ओट्यावर मी, हातात चिमटा, आणि समोर ताटलीत तो डोळा, आपल्याकडे बघतो आहे असं वाटणारा. तुमच्या सासूबाई दारातून म्हणायच्या, ‘त्या ताटलीत मला भाकर वाढू नको गो.’ तुम्ही म्हणायचात, ‘तुमची ताटली वेगळी आहे, आई. ही बकऱ्याची आणि हिची.’ मी टाका घालताना घाई केली की तुम्ही चिमटा काढून घ्यायचात आणि मला नारळ खवायला बसवायचात. वाटी करवंटीपर्यंत रिकामी झाली, खांदे खाली आले, की चिमटा परत. मी तेव्हा मनात चिडायचे. डॉक्टर होऊन नारळ खवते आहे.

रांगेचा तुमचा नियम अजून चालू आहे. आधी तान्ही, मग शाळकरी, मग कामावर जाणारी माणसं, शेवटी म्हातारी. नवीन डॉक्टरांना तो विचित्र वाटतो. सकाळी पहिल्यांदा चिकट डोळ्यांची बाळं येतात, काजळानं माखलेली, आणि आयांना डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्याशी बोट कसं फिरवायचं ते दाखवायचं. मग तिरळी मुलं, चष्मा फोडणारी मुलं, संध्याकाळी दिसेनासं होऊन अडखळणारी आश्रमशाळेतली मुलं. मग बोईसरची माणसं, रात्रपाळी करून थेट आलेली, कुणाच्या डोळ्यात लोखंडाचा कण, कुणाचा डोळा वेल्डिंगनं भाजलेला, ‘मॅडम, जल्दी छोड़ दो, सुपरवाइज़र हाज़री काटेगा.’ मग भाताची पात लागून बुबुळावर पांढरं फूल पडलेली, मग मोतीबिंदू. एका सकाळी माणसाचं अख्खं आयुष्य इथून जातं, असं तुम्ही एकदा म्हणालात आणि लगेच, असलं काही बोलल्याबद्दल स्वतःवरच रागावलात.

तुमची आणखी एक गोष्ट चालू आहे. निवृत्त होताना तुम्ही मला तुमचं डोळ्यात बघायचं यंत्र दिलंत. कागदात गुंडाळलेलंही नव्हतं. म्हणालात, ‘सेल बदल. आणि प्रत्येक पोराचा डोळा अंधारात बघ, कशासाठीही आलं असलं तरी. बाहुलीतून लाल दिसला पाहिजे.’ मी बघते. खोकल्यासाठी चुकून आमच्या दारात आलेल्याचाही बघते.

ह्या सोमवारी रांगेच्या पहिल्या भागात एक मुलगी आली. चालायला नुकतीच शिकलेली, पायात वाजणारे बूट. आईबाप बोईसरला भाड्याच्या खोलीत राहतात, बाप कंपनीत, आई पॅकिंगला. मुलगी डोंगराकडच्या पाड्यावर, आजीजवळ. बापानं फोनवरचा फोटो दाखवला. ‘मॅडम, हिच्या एका डोळ्यात लाइट लागते. शेजारी म्हणाला, दाखवून ये.’ आई हळूच म्हणाली, ‘घारा डोला हाय तो. आमच्यात कुनाचा नाय. आजी सगल्या पाड्याला सांगते, माज्या नातीचा एक डोला गोऱ्या मडमेचा हाय.’ ती हसत होती. खोलीत अंधार केला, यंत्र लावलं. उजवा डोळा लाल. डावा पांढरा. मांजरीचा चमकतो तसा. सोनोग्राफी केली, आत गाठ होती आणि गाठीत खड्यासारखे ठिपके. मुंबईला फोन केला. तिथले डॉक्टर म्हणाले, डोळा वाचणार नाही, मुलगी वाचायची असेल तर डोळा काढायचा, आणि ह्या आठवड्यात आणा, गाठ नसेच्या मार्गानं मेंदूकडे निघते.

मी आईबापाला सांगितलं. तुम्ही शिकवलं तसं, बसून, त्यांच्या पातळीवर, शब्द न फिरवता. आई हसायची थांबली, पण चेहऱ्यावर हसू तसंच राहिलं. ते कसं पुसायचं हे तिला कळत नव्हतं. बाप म्हणाला, ‘आयसला विचारावं लागल. पोर तिनंच वाढवलीय.’ मला वाटलं, संपलं. पाड्यावर गेली की ही माणसं परत येत नाहीत. मी म्हटलं, आजीला इथं आणा, उद्याच. भाडं, गाडी, सगळं मी बघते.

दुसऱ्या दिवशी आजी आली. सुनेच्या खांद्यावर हात, दुसरा हात समोर, हवा चाचपणारा. दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू. मुलीचा तो डोळा ज्या बाईनं पाड्यावर मिरवला होता, तिला तो दिसतच नव्हता. दुसऱ्यांनी सांगितलेलं ती सांगत आली होती.

मी पुन्हा सगळं सांगितलं. तिनं ऐकलं, मग विचारलं, ‘पोरीला दुखतं का?’

‘आत्ता नाही.’

‘रडत नाय, खाते, पलते. आन तू बोलते डोला काढ.’

बाप म्हणाला, ‘आये, मॅडम शिकलेली हाय.’

‘शिकलेली हाय म्हनून तर इचारते. तू अडानी असती तर मी उठून गेली असती.’ मग माझ्याकडे, म्हणजे माझ्या आवाजाकडे तोंड करून ती म्हणाली, ‘ही उद्या मोठी होईल. मला इचारल, माजा डोला कुनी दिला? मी काय सांगू? मला दिसत नव्हतं, लोक बोलले म्हनून हा बोलली? असं नाय सांगनार मी. आधी मला बघू दे.’

‘आजी, वेळ नाही.’

‘मंग लवकर कर. माजा डोला कर. मी बघीन, मंग बोलीन.’

त्या बोलण्यात हट्ट नव्हता, हे मला आता कळतं. त्या क्षणी मला फक्त राग आला. सून मुलीच्या बुटांची नाडी सोडून परत बांधत होती. मी तुमच्या खुर्चीत बसून हिशेब केला. आज तपासण्या, उद्या ऑपरेशन, परवा पट्टी. आठवड्यात बसतं, जेमतेम. पण म्हातारीचा डोळा बिघडला तर? एकदा हिच्या डोळ्यात माझा हात चुकला, की ही नातीच्या डोळ्याला मला काय, कुणालाच हात लावू देणार नाही. एका डोळ्यावर दुसरा डोळा टांगला होता, आणि दुसऱ्यावर जीव.

बुधवारी तिला टेबलावर घेतलं. इंजेक्शननं डोळा सुन्न होतो, माणूस जागा असतो. ती बोलत होती. पाड्यावरच्या कोंबड्या कोण बघणार, सुनेला भाकरी येत नाही, वगैरे. मी छेद घेतला, भिंगावरचं पातळ आवरण उघडलं, आणि भिंग हललं. आत धरून ठेवणारे धागे ढिले होते. आधी कळायला हवं होतं, पण बाहुली नीट उघडतच नव्हती. पिकलेलं, दगडासारखं भिंग, आणि थोडा जास्त जोर लावला असता तर ते मागे डोळ्याच्या पडद्याकडे गेलं असतं. माझा हात थांबला.

‘का गो थांबली?’ कापडाखालून ती म्हणाली.

‘बघते आहे, आजी.’

‘बघ बघ. मला बी बघायचं हाय.’

सिस्टर माझ्याकडे बघत होती. मॅडम, मी तिथं नारळ खवला. दुसरं काय सांगू. खांदे खाली सोडले, श्वास सोडला, आणि वाटीच्या कडेनं पांढरा थर निघतो तसं भिंग फिरवत, न ओढता, कडेला आणलं. ते बाहेर आलं, तपकिरी, सुपारीएवढं वाटलं मला. नवीन भिंग बसलं. हात धुताना मात्र नळ बंद करता येईना, बोटं वाकत नव्हती.

गुरुवारी सकाळी पट्टी काढली. रांगेचा नियम मी पहिल्यांदा मोडला, म्हातारीला सगळ्यांच्या आधी बसवलं. तिनं पापणी उघडली, पाणी आलं, पुसलं. आधी माझ्याकडे बघितलं. ‘तू बारकी हायस. आवाज मोठा हाय.’ मग सुनेकडे. ‘वालली गो तू.’ मग मुलीला मांडीवर घेतलं आणि खिडकीकडे वळून बसली. खूप वेळ बसली. मुलीच्या हनुवटीला धरून तोंड इकडे कर, तिकडे कर. मी यंत्र पुढे केलं, खोलीत अंधार केला, तिच्या नुकत्याच उघडलेल्या डोळ्याला ते धरायला शिकवलं. बाहेर रांगेत बाळं रडत होती. तिनं आधी उजवा बघितला. मग डावा.

‘ह्यो घारा नाय,’ ती म्हणाली. ‘मेलेल्या माशाचा असतो तसा हाय.’

सून तेव्हा रडली, ह्या चार दिवसांत पहिल्यांदा. आजी रडली नाही. तिनं मला विचारलं, ‘तू कुनाचा डोला काढलास का कधी?’

‘काढला आहे.’

‘कुनाचा?’

‘माझ्या मॅडमचा. त्यांनीच मला शिकवलं. त्या गेल्यावर त्यांचे डोळे दान द्यायचे होते, ते मीच काढले.’

‘मेल्यावर.’

‘हो.’

‘हात थरथरला?’

‘नाही. नंतर थरथरला.’

तुम्हाला हे माहीत नाही. केळव्याच्या घरात, पुढच्या खोलीत, पंखा बंद करून. नव्या डॉक्टरला पाठवता आलं असतं. तुमच्या सासूबाई, तेव्हा नव्वदीच्या, दारात उभ्या होत्या. मी काम संपवून पापण्या मिटल्या, नीट, तुम्ही दाखवलं होतंत तशा. त्या जवळ आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, ‘झोपली वाटते.’ मग मी स्वयंपाकघरात गेले, आणि ओट्याला धरून उभी राहिले.

आजीनं मुलीला मांडीवरून उतरवलं. मुलगी वाजत वाजत खोलीभर फिरली. म्हातारीचा नवा डोळा तिच्या मागे मागे. मग ती म्हणाली, ‘ह्यो काढला तर पोर जगल?’

तुम्हाला तो डोळ्यात चुना उडालेला कामगार आठवत असेल. मी नवी होते. त्याच्या बायकोला मी म्हणाले, काळजी करू नका, दिसेल. तुम्ही त्याचा डोळा धूत होतात, बाटलीमागून बाटली. नंतर मला पॅसेजमध्ये नेलंत. ‘दिसेल, जगेल, हे शब्द तुझे नाहीत. तुझ्याकडे फक्त “करते” हा शब्द आहे. तेवढाच वापर.’ त्याला दिसलं नाही. ते सांगायला तुम्ही मलाच पाठवलंत, आणि मी सांगत असताना दाराशी उभ्या राहिलात. तेव्हापासून मी ते दोन शब्द वापरले नव्हते. आया हातापाया पडल्या तरी मी ‘करते’ एवढंच म्हणत आले. लोक मला कोरडी म्हणतात.

शुक्रवारी ती सगळी मुंबईला गेली, आईबाप, मुलगी आणि हिरवा चष्मा लावलेली आजी. शनिवारी, म्हणजे काल, डोळा काढला. बापाचा फोन आला, ‘झालं. झोपलीय. आये बाजूला बसून हाय.’ आता डोळ्यामागच्या नसेचं कापलेलं टोक तपासतील. तिथं गाठ पोचली नसेल तर एक रस्ता, पोचली असेल तर दुसरा. रिपोर्टचं विचारलं का आजीनं, असं मी बापाला विचारलं. तो म्हणाला, ‘नाय. ती बोलते, मॅडमनी सांगितलंय ना.’

म्हणून हे लिहिते आहे. हे कुठं पाठवायचं नाही. तुमच्या केळव्याच्या घरी आता शनिवार-रविवारचे पाहुणे उतरतात. कागद यंत्राच्या डबीत ठेवीन, सेलच्या खाली. आजीनं माझ्या तोंडाकडे बघून विचारलं होतं, मॅडम, नव्या डोळ्यानं, आणि मला त्या डोळ्यासमोर ‘करते’ म्हणता आलं नाही. मी म्हणाले, जगेल.