नावाच्या जागी टाळी

कासार आंबोली,
ता. १८ जानेवारी १९६२

तीर्थरूप दादांस,

धाकट्या बहिणीचा, जयाचा, साष्टांग नमस्कार. मी बरी आहे. वहिनींचे तिळाचे लाडू नांद्याहून पोचले, निम्मे बालवाडीतल्या पोरांनी फस्त केले. तुमचा गुडघा कसा आहे?

साहेब बालवाडी तपासून गेले, हे तुम्हाला कळलं असेलच. तुम्हाला सगळं आधी कळतं.

आता माझ्याकडूनही ऐका. पुण्याला ट्रेनिंगला असताना प्राण्यांची बाग पाहिली होती, त्यातल्या जनावरांवर मी गाणी केली. गाणं म्हणायचं आणि भिंतीवरच्या चित्राखालचं नाव बोटानं दाखवायचं. हत्ती, माकड, मोर झाले. पोरं लई रमली. मग मी लांडगा घेतला, आणि दुसऱ्या दिवशी धनगरवाड्यावरची सातही पोरं गायब.

मी वाड्यावर गेले. कोंडाबाईनं नातीला, सुंदराला, पदराआड ओढलं आणि मलाच झापलं. "बाई, त्येचं नाव घेऊ न्हाई. नाव घेतलं की त्ये मेंढरांत येतं. आमी नुस्तं जनावर म्हणतो."

चूक माझीच. मी त्याला गजांमागं पाहिलेला, हे लोक त्याच्या शेजारी झोपतात. म्हणून गाण्यात नावाच्या जागी टाळी घातली:

गजांमागं फिरतंय कोण?
शेपूट खाली, डोळे दोन...

पुढं टाळी, आणि चित्रं काढून नावांच्या जागा बदलल्या तरी बोट बरोबर त्या नावावर. तोंडातून चकार शब्द नाही. सातही पोरं परत आली. दादा, मी तिसरीपर्यंत पुटपुटल्याशिवाय वाचत नव्हते. ही पाच वर्षांची पोरं मनातल्या मनात वाचतात!

साहेबांनी सुंदराला ते नाव मोठ्यानं वाचायला सांगितलं. तिनं टाळी वाजवली. ते तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा ती रडायला लागली, पण बोट हलवलं नाही. शेरा असा, की मुलांना वाचता येत नाही, बाई बदलावी.

शिवाय त्यांनी माझ्याविरुद्धचा एक निनावी अर्ज दाखवला. मला अक्षरं तुम्हीच गिरवायला लावलीत, दादा. तुमचा हात मी ओळखणार नाही होय?

नोकरी सुटली की जया मुकाट सासरी नांदायला जाईल, असंच ना? चार वर्षं त्या घरात मार खाल्ला. पाठीवरचे वळ वहिनींनी पाहिलेत, त्यांना विचारा. मी जाणार नाही.

एक तारखेला देवळातल्या बालवाडीत नवी बाई येईल, खुशाल येऊ दे. कोंडाबाईनं वाड्यावरचं खोपट सारवून दिलंय. चित्रं माझी आहेत, गाणी माझी आहेत, मी तिथं शिकवीन. काल गावातली पोरंही आयांचं बोट धरून खोपट बघून गेली. पुढचा अर्ज लिहाल तेव्हा खाली सही करा.

आशीर्वाद द्या, नाहीतर राहू द्या.

तुमच्याकडून लिहायला शिकलेली
आणि आता तुमचं न ऐकणारी,
जया