निकिताच्या सुया, माझा हात

२ जून
माझ्या योगेशनं फोनमध्ये सोय करून दिली. मी बोलायचं, फोन लिहून घेतो. लिहिलेलं मला वाचता येत नाही, दुसऱ्याला दाखवायचं नाही. म्हणजे खोटं बोलायचं कारणच नाही.
योगेशची लेक निकिता अ‍ॅक्युपंक्चरचा कोर्स पास झाली. चिनी वैद्यकी. अंगाला सुया टोचायच्या. लहानपणी इंजेक्शन म्हटलं की कॉटखाली लपायची, ती आता दुसऱ्यांना टोचणार. खालच्या गाळ्यात क्लिनिक.
मी पंचवटीत चाळीस वर्षं ओट्यावर बसून लचक काढते, आखडलेला खांदा सोडवते. आता दोघी मिळून करू. ती टोचेल, मी चोळीन. ठरलं.

९ जून, दुपारी
बोर्ड लागला. लय अक्षरं आहेत. एवढी काय एकट्या निकिताची असतील? खालची ओळ माझीच. विचारायची गरज नाही.

१६ जून
निकिताला म्हटलं, आत माझी खुर्ची कुठं ठेवायची? म्हणाली, आजी, नोंदणी लागते. मी म्हटलं, माझा हात काय बिननंबरी आहे? हसली. हसली म्हणजे कबूल.

५ जुलै
क्लिनिकची रांग मंदिराच्या वळणापर्यंत. टोकन देतात. निकिता सांगत होती, कोर्सला साठ जागा आणि दोनशे फॉर्म. नांदगावकडून पोरं येतात, इंजिनियर झालेलीसुद्धा. जगाला टोचायची घाई.
असू दे. दिव्यांची चिनी माळ दिवाळीला लावली तर तुळशीच्या लग्नापर्यंत टिकत नाही.
माझ्याकडे आठवड्यात तिघं आली. सिंहस्थासाठी गल्ली खणून ठेवलीये, म्हातारी माणसं येणार कशी? क्लिनिकला येणारे तोच खड्डा ओलांडतात, पण ते तरणे. रांगेतला फकिराआबा पंच्याहत्तरीचा आहे, पण त्याला पहिल्यापासून उड्या मारायची हौस.
सखुबाई मात्र चुकत नाही. भाजीची पाटी उचलून खांदा आखडतो. तीस वर्षं दर रविवारी बाजार आटोपून माझ्याकडेच. सखुबाई आहे तोवर ही कुसाबाई आहे.

१३ जुलै
फक्त सखुबाई. बरं झालं, हातांना विश्रांती.

२० जुलै, संध्याकाळी
शेवटी माझी आठवण झाली! पलीकडच्या गल्लीत आणखी दोन सुईवाले बसलेत, म्हणून निकिताला व्हिडिओ काढायचाय. त्यात मी. नवं लुगडं नेसले.
बोलायचं ते योगेशनं पाठ करून घेतलं. वीस वर्षं गुडघे दुखत होते, चोळणाऱ्या बायकांपायी आयुष्य घालवलं, आता सुयांनी पळते. मी म्हटलं, अरे, चोळणारी बाई मीच की! तो म्हणाला, आई, तू नाही गं, त्या दुसऱ्या. जनरल बोलायचं. बरं, जनरल.
सुई मी अजून एकही टोचून घेतली नाही. गुडघे दुखतात, तेवढं खरं.
निकिता म्हणाली, आजी, तुझ्या तोंडून आलं की लोकांना पटतं. हे मात्र बरोबर बोलली. सहाव्या वेळेला असं ठणकावून बोलले की योगेश बघतच राहिला. आज सखुबाई येऊन परत गेली. पुढच्या रविवारी दुप्पट चोळीन.

२७ जुलै
येवल्याहून जाऊबाईंचा फोन. व्हिडिओ तिथवर गेला. विचारत होत्या, खरंच पळतेस का गं? म्हटलं, या शर्यत लावायला.
सखुबाई आली नाही. लग्नाबिग्नाला गेली असेल. चातुर्मासात लग्न नसतं, पण तिचं गोत मोठं.
ठरवलं, आता निवडकच माणसं घ्यायची.

३ ऑगस्ट, दुपारी
सखुबाई आली! तेल कोमट करायला उठले. ती ओटा चढलीच नाही. खाली मान घालून म्हणाली, कुसा, तूच बोललीस ना फोनमधी, चोळणाऱ्यांपायी आयुष्य घालवलं म्हणून? लोकं खोटं बोलतील, तू नाय बोलायची. सकाळीच टोकन घेऊन ठेवलंय.
म्हटलं, जा, निकिताचा हात हलका आहे.
पाटी आत नेऊ देत नाहीत. म्हणाली, एवढी संभाळ. उरलेली भाजी होती. पाटी घेऊन ओट्यावर बसले. समोरून एक बाई लंगडत खड्ड्याच्या कडेनं आली, माझ्यापुढं थांबली. मी बाह्या सरसावल्या.
मेथी कशी दिली, म्हणाली.
मी भाव सांगितला.