मामांना सांगायचं होतं ते

ती. आईस, तुझ्या धाकट्याचा लांबून नमस्कार.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, झोप तेवढी जरा रुसली होती. काळजी करू नकोस, कारण सांगतो.

आमच्या गोदामातले मामा तुला ठाऊक आहेत. माल उचलायची गाडी त्यांनीच मला शिकवली, आणि आता मीच त्यांचा सुपरवायझर. परवा ते गाडी मागे घेताना एक हमाल जिवाच्या आकांताने ओरडत होता. मामांना ऐकूच गेलं नाही. हमाल थोडक्यात वाचला. आता मामांना गाडीवरून उतरवायचं, तेही मी.

आज त्यांना ऑफिसात बोलावलं, दार लावलं. चारचौघांत शोभा नको म्हणून हळूच म्हणालो, "मामा, तुम्हाला हल्ली कमी ऐकू येतं."

"काय?" मामांनी विचारलं.

मी बंद दाराकडे बघितलं. माझा चेहरा बघून त्यांना उमगलं असावं. म्हणाले, "मोठ्याने सांग. बाहेर ऐकू गेलं तर जाऊ दे."

सांगितलं. त्यांनी गाडीची किल्ली टेबलावर ठेवली.

उद्या त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेतोय. यंत्राने भागलं तर बरं, नाहीतर कायमचं उतरा म्हणावं लागेल. मामा म्हणाले, "तेही तूच सांग. दुसऱ्याला पाठवू नकोस."

बाबा अजून काठीशिवायच जिना उतरतात का? तू बोलू नकोस, उगाच भांडण होईल. रविवारी फोनवर मी बोलतो. कसं बोलायचं, ते अजून सुचत नाही.

तुझाच,
धाकटा